सिकलसेल असलेली विद्यार्थिनी, जर्मनीतलं शिक्षण आणि विम्याविना गेलेले नऊ दिवस

पार्श्वभूमी

प्रज्ञा (नाव बदललं आहे) २४ वर्षांची, दक्षिण नागपुरात राहणारी. इंजिनिअरिंग नागपुरातच झालं, त्यानंतर दीड वर्ष नोकरी. वडील एका सरकारी उपक्रमात, आई शाळेत शिक्षिका. मे २०२५ मध्ये जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठाचं दोन वर्षांच्या मास्टर्सचं प्रवेशपत्र आलं. हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होणार होतं, वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून.

प्रज्ञाला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. विदर्भातल्या वाचकाला याचा अर्थ सांगावा लागत नाही, तरी इतरांसाठी थोडक्यात: एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास होत नाही, एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार. तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, पाठ, मांड्या, छाती यांत असह्य वेदना उठतात. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, ताप, दगदग, झोपमोड यांपैकी काहीही त्याला निमित्त होतं. प्रज्ञा लहानपणापासून मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखवते. रोज हायड्रॉक्सियुरिया (झटके कमी करणारं औषध) ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल आणि फॉलिक अॅसिड घेते. वर्षातून एखादा दुखण्याचा झटका येतो. शेवटचं भरती होणं ऑगस्ट २०२३ मधलं.

म्हणजे आजार आटोक्यात आहे, शिक्षणाच्या आड येत नाही. विम्याच्या कागदावर मात्र तो ‘पूर्वीपासून असलेला आजार’ ठरतो आणि या प्रकरणातले जवळजवळ सगळे निर्णय त्या तीन शब्दांभोवती फिरले.

देश ठरतानाच विमा बघितला

ही गोष्ट या कुटुंबाने लवकर केली आणि ती मोलाची ठरली. प्रज्ञाच्या हातात ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाचंही प्रवेशपत्र होतं. तिथे विद्यार्थी व्हिसासाठी ‘ओव्हरसीज स्टुडंट हेल्थ कव्हर’ सक्तीचं आहे आणि ते व्हिसाच्या पूर्ण काळाचं घ्यावं लागतं. पण पूर्वीपासून असलेल्या आजाराला त्यात साधारण १२ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. नव्या देशातलं, नव्या हवामानातलं पहिलं वर्ष एसएस रुग्णासाठी सर्वांत नाजूक, आणि नेमकं तेच वर्ष बाहेर राहतं.

ब्रिटनचाही विचार झाला होता. तिथे व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरायचा असतो, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा पुढे-मागे काही महिने धरून मिळतो, त्यामुळे दीड वर्षाचे ११६४ पौंड होतात. त्या बदल्यात जुना आजार असो वा नसो, सरकारी आरोग्यसेवा खुली होते. विम्याच्या बाजूने ब्रिटन उत्तम होतं. शिक्षणशुल्क परवडलं नाही. अमेरिकेत विद्यापीठाची स्वतःची योजना महाग असते, पण बहुतेक ठिकाणी जुना आजार पहिल्या दिवसापासून धरते. तिथली चूक वेगळीच असते: ती योजना नाकारून भारतातून स्वस्त पॉलिसी नेणं. प्रज्ञाने अमेरिकेचा अर्जच केला नव्हता.

जर्मनीत ३० वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्य विमा विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या दरात मिळतो. टीके, एओके, बारमर, डीएके अशा संस्था तो देतात. आजाराबद्दल विचारून कुणाला नाकारता येत नाही, प्रतीक्षाकाळ नाही, वगळलेल्या आजारांची यादी नाही. २०२५ मध्ये २३ वर्षांवरच्या, मूलबाळ नसलेल्या विद्यार्थ्याला महिन्याला १४० ते १५० युरो पडत होते. प्रज्ञासाठी हे सर्वांत योग्य होतं. घरात सगळ्यांना वाटलं, विम्याचा प्रश्न सुटला.

अडचण कुठे होती

जर्मन सार्वजनिक विमा विमानतळावर उतरल्या दिवशी सुरू होत नाही. विद्यार्थ्याचं सदस्यत्व सेमिस्टरच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतं, आणि विद्यापीठातली नावनोंदणी त्यानंतर झाली तर नावनोंदणीच्या दिवसापासून. हे ‘आणि’नंतरचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावर आलं.

त्याआधीच्या दिवसांसाठी प्रवासी आरोग्य विमा असतो. व्हिसासाठी तो दाखवावाच लागतो, किमान ३० हजार युरोंचा. भारतातल्या कंपन्या तो सहज देतात. पण या पॉलिसींमध्ये पूर्वीपासून असलेला आजार वगळलेला असतो. फार तर जिवावर बेतलं तरच, ठराविक मर्यादेपर्यंत आणि प्रकृती स्थिर होईपर्यंतच खर्च मिळतो. सिकलसेलचा नेहमीचा झटका भयंकर दुखतो, पण ‘जिवावर बेतलेला’ या व्याख्येत तो बसेलच असं नाही.

थोडक्यात, प्रज्ञाकडे दोन विमे असणार होते. एक तिचा आजार धरणारा पण उशिरा सुरू होणारा. दुसरा लगेच सुरू होणारा पण तिचा आजार न धरणारा.

तिकीट तर ६ सप्टेंबरचं काढून झालं होतं. भाडं स्वस्त मिळालं, खोलीही १ सप्टेंबरपासून होती, आणि विद्यापीठात महिनाभराचा ऐच्छिक भाषावर्ग होता. ६ ते ३० सप्टेंबर म्हणजे २५ दिवस तिच्या आजाराला कुठलंच संरक्षण नव्हतं. हे जुलैपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय एका विमा प्रतिनिधीने दिला. महिना ३५ युरोंच्या आसपासची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची खाजगी पॉलिसी, पहिल्या दिवसापासून पूर्ण दोन वर्षांसाठी. सार्वजनिक विम्यापेक्षा महिन्याला ११० युरो कमी. त्या वेळी युरो शंभर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दोन वर्षांत अडीच लाखांच्या वर बचत. सिकलसेलचं काय, असं विचारल्यावर उत्तर आलं, “सिकलचं लिहूच नका जी. तिकडे कोण पाहते? लिहिलं तर फॉर्मच वापस येते.”

या एका प्रस्तावात तीन स्वतंत्र धोके होते.

एक, आजार लपवणं. प्रस्ताव अर्ज हा कराराचा पाया असतो. महत्त्वाची माहिती दडवली असं सिद्ध झालं तर कंपनी फक्त त्या आजाराचा दावा नाकारून थांबत नाही, पूर्ण पॉलिसीच रद्द ठरवू शकते. मग सायकलवरून पडून हात मोडला तरी खर्च खिशातून. आणि सिकलसेल लपत नाही: झटका घेऊन इमर्जन्सीत गेल्यावर डॉक्टर रक्त तपासतो, अहवालात निदान येतं, आणि तोच अहवाल दाव्यासोबत जोडावा लागतो.

दोन, पॉलिसीतलं वगळणं. अर्जात लिहिलं असतं तरी ही पॉलिसी जुना आजार धरत नव्हतीच. स्वस्त असण्याचं कारणच ते.

तीन, सर्वांत कमी माहीत असलेला आणि सर्वांत घातक. ३० खालच्या विद्यार्थ्याला खाजगी विम्यावर राहायचं असेल तर सार्वजनिक विम्याच्या सक्तीतून सूट मागावी लागते. ही सूट एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. दुसऱ्या महिन्यात चूक लक्षात आली तरी सवलतीच्या सार्वजनिक विम्याचं दार बंद. निरोगी मुलाचं यात फारसं बिघडत नसेल. एसएस रुग्णाने ही सही कधीही करू नये, कितीही पैसे वाचत असले तरी.

दुसरा पर्याय: तिकीट तसंच ठेवायचं, प्रवासी विमा घ्यायचा आणि २५ दिवस जपून काढायचे. बाबांचा कल सुरुवातीला इकडे होता. दोन वर्षांत भरती व्हावं लागलं नाही, २५ दिवसांत काय होणार? पण मागची दोन वर्षं नागपूरच्या उन्हात, घरच्या जेवणावर, ओळखीच्या डॉक्टरांजवळ गेली होती. पुढचे २५ दिवस म्हणजे लांबचा विमानप्रवास, सामान उचलणं, अपुरी झोप आणि गारठा. झटक्याची निमित्तं जितकी आहेत ती सगळी एकाच महिन्यात.

तिसरा: तिकीट पुढे ढकलायचं. बदलाचे १९ हजार रुपये, भाषावर्ग बुडणार, आणि रिकाम्या खोलीचं महिन्याचं भाडं.

चौथा पर्याय प्रज्ञानेच शोधला: जर्मनीत येणाऱ्यांसाठी तिथल्या कंपन्यांचा थोड्या मुदतीचा विमा, जो काही सार्वजनिक संस्था नोंदणीसोबत सुचवतात. अटी वाचल्यावर कळलं की जुना आजार तिथेही वगळलेला आहे. फाटक्या जागेवर दुसरं फाटकंच ठिगळ.

वडिलांच्या नोकरीतला आरोग्य विमा भारताबाहेर चालत नव्हता, त्यामुळे तो यात मोजलाच नाही. मात्र त्याचा एक धागा शेवटी येतो.

काय ठरलं आणि काय केलं

खाजगी पॉलिसी पहिल्याच चर्चेत बाद झाली. आईने प्रतिनिधीला सांगितलं, “वीस वर्षांचे कागद मेडिकलमध्ये आहेत, आम्ही खोटं कसं लिहायचं?” प्रवासी विम्याच्या अर्जात सिकलसेल, रोजची औषधं आणि २०२३ चं भरती होणं, सगळं लिहिलं. कंपनीने पॉलिसी दिली, सिकलसेल आणि त्यातून उद्भवणारं काहीही वगळून. विमारक्कम ५० हजार युरो.

या खरेपणाचा फायदा पैशांत मोजता येत नाही, पण तो होता. ‘वगळलेलं’ हे पांढऱ्यावर काळं लिहून आल्यामुळे घरच्यांना आधीच कळलं की या दिवसांचा खर्च आपलाच आहे. बाबांनी फॉरेक्स कार्डावर १५०० युरो फक्त दवाखान्यासाठी वेगळे टाकले. हे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमधल्या (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरोंच्या बाहेरचे ठेवले, कारण त्या खात्यातून महिन्याला ९९२ युरोच निघतात आणि तेही तिथलं बँक खातं उघडून सगळं सुरू झाल्यावर. संकट पहिल्या आठवड्यात आलं तर ते पैसे हाताशी नसतात.

तिकीट २८ सप्टेंबरला ढकललं. उघडं अंतर २५ दिवसांवरून तीन दिवसांवर आलं. प्रवासी विमा २८ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर असा घेतला. ३० सप्टेंबरला संपवला असता तर काहीशे रुपये वाचले असते, पण अपघात, विषमज्वर, दातदुखी यांसाठी मागे जोड हवीच होती.

औषधांची तयारी मन लावून केली. जर्मनीत प्रवाशाला स्वतःपुरती साधारण तीन महिन्यांची औषधं सोबत नेता येतात. नागपूरहून मागाहून पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवता येत नाहीत, जर्मन सीमाशुल्क विभाग ती सहसा अडवतो. म्हणून ९० दिवसांच्या १८० कॅप्सूल, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहून घेतलं आणि शेजारी ‘हायड्रॉक्सीकार्बामाइड’ असंही, कारण जर्मनीत हेच औषध त्या नावाने ओळखलं जातं. हे साधं वाटतं, पण हायड्रॉक्सियुरिया एवढंच सांगितलं तर तिथल्या औषधविक्रेत्याकडून नकार ऐकायला लागू शकतो.

उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी एका पानाचं इंग्रजी सारपत्र दिलं: निदान आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणारी रक्ततपासणी) अहवालाची तारीख, रक्तगट, आजवर किती वेळा रक्त चढवलं, लसीकरण, झटक्यात कुठलं वेदनाशामक किती लागतं, आणि एरवीचं हिमोग्लोबिन ८.१ ते ८.६. हा शेवटचा आकडा विसरू नये. निरोगी माणसाच्या मोजमापाने ८.३ म्हणजे धोक्याची घंटा. प्रज्ञासाठी तो रोजचा आकडा. जर्मनीत नवजात बाळांची सिकलसेल तपासणी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तिथल्या साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरने एसएस रुग्ण पाहिलाच नसेल, हे धरून चालावं. सारपत्राच्या माथ्यावर आजाराचं जर्मन नावही लिहिलं: झिखेलत्सेल-क्रांकहाइट.

विमानात दर तासाला पाणी, दोन तासांनी उठून चालणं, गरम कपडे हाताशी, चेक-इनचं वजन कमी. ते सगळं पाळलं गेलं.

एक काम मात्र मागे पडलं. सार्वजनिक विम्याचा अर्ज ऑनलाइन, भारतातूनच करता येतो. जुलैमध्ये करता आला असता. तिकीट, खोली, व्हिसा यांच्या धावपळीत तो १२ सप्टेंबरला झाला.

काय घडलं

जर्मनीत विद्यार्थी विम्याचं कागदी पत्र घेऊन विद्यापीठात जात नाही. विमा संस्था विद्यापीठाला ‘एम १०’ नावाचा इलेक्ट्रॉनिक संदेश पाठवते आणि तो पोचल्याशिवाय नावनोंदणी पुरी होत नाही. प्रज्ञाच्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात तिचं आणि वडिलांचं नाव एकत्र आहे, आपल्याकडे अनेकांचं असतं तसं. विद्यापीठाच्या अर्जात तिने दोन्ही नावं लिहिली होती. विमा संस्थेच्या अर्जात फक्त स्वतःचं. संदेश गेला, पण विद्यापीठाच्या यंत्रणेत तो तिच्या अर्जाशी जुळला नाही. पोर्टलवर ‘विम्याचा पुरावा प्रलंबित’ एवढंच दिसत राहिलं. तिला वाटलं, वेळ लागतोय.

ती २९ सप्टेंबरला प्रत्यक्ष कार्यालयात गेली तेव्हा जुळत नसल्याचं कळलं. विमा संस्थेला नाव दुरुस्त करून नवा संदेश पाठवायला सांगितलं. मध्ये ३ ऑक्टोबर आला: जर्मन एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी, २०२५ मध्ये शुक्रवारी. म्हणजे सलग तीन दिवस सगळं बंद. नावनोंदणी पुरी झाली ७ ऑक्टोबरला. विमा १ ऑक्टोबरपासून सुरू झाला नाही, ७ ऑक्टोबरपासून झाला. तीन दिवसांचं उघडं अंतर नऊ दिवसांचं झालं.

झटका २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आला. तिसऱ्या मजल्यावर सामान चढवलेलं, खोलीतलं हीटर नीट चालत नव्हतं, कार्यालयांच्या फेऱ्यांत पाणी पिणं राहिलं होतं. मांड्या आणि कंबर. ठरल्याप्रमाणे गोळ्या, पाणी, शेक. सकाळी दुखणं वाढलेलं. ताप नव्हता, छातीत दुखत नव्हतं, धाप नव्हती. यांपैकी काही असतं तर थेट ११२ लावायचं, हे घरूनच पक्कं ठरलं होतं. म्हणून तिने ११६११७ लावला. दवाखाने बंद असतात तेव्हाच्या, जीवघेण्या नसलेल्या दुखण्यांसाठी हा जर्मनीभर चालणारा क्रमांक. त्यांनी सुट्टीच्या दिवशी चालू असलेल्या दवाखान्याचा पत्ता दिला. तिथल्या डॉक्टरने सारपत्र वाचून विद्यापीठाच्या रुग्णालयात पाठवलं. तिथे सलाइन, शिरेतून वेदनाशामक, रक्ततपासण्या. हिमोग्लोबिन ८.२ आलं. रक्त चढवावं का यावर बोलणं सुरू झालं तेव्हा सारपत्रातला आकडा दाखवला आणि तो विषय तिथेच थांबला. सहा तासांनी घरी सोडलं.

दवाखान्याचे ३८ युरो लगेच दिले. रुग्णालयाचं ३७४ युरोंचं बिल तीन आठवड्यांनी पोस्टाने आलं. एकूण ४१२. प्रवासी विमा कंपनीला त्याच दिवशी कळवून दावा केला होता. तो नाकारला गेला, कारण ‘वगळलेला आजार, जीवघेणी अवस्था नाही’. पैसे फॉरेक्स कार्डातून गेले. नाव नीट जुळून नोंदणी ३० सप्टेंबरपर्यंत झाली असती तर हा खर्च सार्वजनिक विम्याने उचलला असता.

कार्ड मिळतानाही एक अडथळा आला. विम्याचं कार्ड पोस्टाने येतं, आणि पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन ते परत नेतो. प्रज्ञाच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. कार्ड परत गेलं, दुसरं यायला आणखी काही आठवडे. तोवर विमा संस्थेने दिलेलं तात्पुरतं प्रमाणपत्र चाललं. ते मागावं लागतं, आपोआप येत नाही.

ऑक्टोबरातच तिने जवळच्या सामान्य डॉक्टरकडे नाव नोंदवलं आणि त्यांच्या चिठ्ठीवर रक्तविकारतज्ज्ञाची वेळ घेतली. वेळ मिळाली पाच आठवड्यांनंतरची. सोबत नेलेली औषधं डिसेंबरअखेर संपणार होती, त्यामुळे जमलं. डिसेंबरात शोधाशोध सुरू केली असती तर कॅप्सूलमध्ये खंड पडला असता.

नोव्हेंबरच्या शेवटी सर्दी-तापातून दुसरा झटका आला. या वेळी चार दिवस भरती. विम्याने सगळं दिलं. तिच्या वाट्याला रुग्णालयाच्या दिवसाला १० युरो याप्रमाणे ४० युरो आले. हायड्रॉक्सीकार्बामाइडच्या पाकिटामागे ती ५ ते १० युरो देते. ऑक्टोबरातले सहा तास ४१२ युरोंना, नोव्हेंबरातले चार दिवस ४० युरोंना.

काय वेगळं करता आलं असतं

तिकिटाच्या आधी विम्याची सुरुवात-तारीख विचारायला हवी होती. प्रवेशपत्र हातात आलं की सार्वजनिक विमा संस्थेला ईमेलवर दोनच प्रश्न: सदस्यत्व नेमकं कुठल्या तारखेपासून, आणि नावनोंदणी उशिरा झाली तर? उत्तर लेखी मिळतं आणि ते फुकट असतं. मग तिकीट काढलं असतं तर १९ हजार रुपये वाचले असते.

विम्याचा अर्ज जुलैत आणि नाव पासपोर्टच्या खालच्या पट्टीत, त्या ‘<’ खुणांच्या ओळीत जसं आहे अक्षरशः तसं. विद्यापीठ, विमा, बँक, खोलीचा करार, सगळीकडे तेच. विद्यापीठाच्या अर्जात आधीच वेगळं लिहिलं गेलं असेल तर विमा संस्थेला ते कळवावं आणि एम १० त्या नावाने पाठवायला सांगावं. अर्जानंतर आठवड्याने पोर्टल बघावं. प्रलंबित दिसलं तर थांबू नये, विद्यापीठाच्या नोंदणी कक्षाला जन्मतारीख आणि अर्जक्रमांक देऊन ‘संदेश आला आहे का’ असं थेट विचारावं. भारतात असतानाच हे करता येतं.

२८ सप्टेंबर हा निर्णय बरोबर होता का, यावर दोन मतं होऊ शकतात. ती आणखी तीन दिवसांनी गेली असती तर अंतर कागदावर शून्य झालं असतं, पण नावाचा घोळ सोडवायला कार्यालयात जाता आलं नसतं आणि नोंदणी आणखी लांबली असती. आमच्या मते सुरुवातीला तीन-चार दिवस हातात ठेवणंच योग्य. चूक तारखेत नव्हती, अर्ज उशिरा करण्यात होती.

फॉरेक्स कार्डावरचे १५०० युरो पुरले ते भरती व्हावं लागलं नाही म्हणून. चार-पाच दिवस भरती झाली असती तर ते पुरले नसते. एसएस रुग्णाच्या कुटुंबाने अशा दिवसांसाठी किमान दुप्पट रक्कम हाताशी ठेवावी, किंवा घरून २४ तासांत पैसे पाठवता येतील अशी बँकेची सोय जाण्याआधी तपासून घ्यावी. बाबांनी ती तपासली नव्हती.

राहिला भारतातला विमा. वडिलांच्या नोकरीतल्या योजनेत मुलं २५ वर्षांपर्यंतच धरली जात होती आणि प्रज्ञाला डिसेंबरात २५ पूर्ण झाली. सुट्टीत नागपूरला आल्यावर झटका आला तर तिला इथे कुठलंच संरक्षण नाही. स्वतंत्र पॉलिसीचे दोन प्रस्ताव सिकलसेलमुळे नाकारले गेले. तिसरा रस्ता होता आणि तो कुणी सुचवला नाही: सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, आणि दिव्यांगांसाठी आरोग्य विम्याचं उत्पादन ठेवणं आयआरडीएआयने (भारतातली विमा नियामक संस्था) फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लागतं. ते कार्ड प्रज्ञाने कधी काढलं नव्हतं. शिवाय भारतात नव्या पॉलिसीत जुन्या आजाराचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. तो मोजायला जितक्या लवकर सुरुवात होईल तितकं बरं. जाण्याआधी सुरू केली असती तर शिक्षण संपून परत येईपर्यंत त्यातली दोन वर्षं सरली असती.

यूडीआयडीचा अर्ज आता आईने भरला आहे. तपासणीसाठी प्रज्ञाला प्रत्यक्ष हजर राहावं लागणार, म्हणून उन्हाळी सेमिस्टरनंतरच्या सुट्टीची तारीख धरली आहे. या वेळी तिकीट काढायच्या आधी.